तारेच्या वेटोळ्याचा हट्ट

इलेक्ट्रॉनिक्सचा नाद नुकताच लागला होता तेव्हाची गोष्ट. बारा व्होल्टचा एक रिले, म्हणजे विजेच्या चुंबकाने चालणारा स्विच, ट्रान्झिस्टरने चालू-बंद करायचा, इतकंच सर्किट. रिले ‘टक्’ करून ओढला, ‘टक्’ करून सुटला. पाच-सहा वेळा छान चाललं आणि ट्रान्झिस्टर मेला. दुसरा लावला, तोही गेला. कागदावर तर सगळं बरोबर होतं. रिलेची कॉइल ४० मिलिअँपिअर घेत होती आणि ट्रान्झिस्टर १०० मिलिअँपिअर पेलणारा होता. व्होल्टेजचं म्हणाल तर तो ४५ व्होल्टपर्यंत सोसणारा, आणि आख्ख्या सर्किटमध्ये १२ व्होल्टच्या वर काही नव्हतंच. निदान माझी तशी समजूत होती. तिसराही जळाल्यावर एका जाणत्या मित्राला बोर्ड दाखवला. त्याने दोन सेकंद बघितलं आणि विचारलं, “डायोड कुठाय?”

डायोड म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. तो इथे कशाला लागतो हे समजलं, त्या दिवशी मला इंडक्टर समजला. त्याआधी परीक्षेत त्याची व्याख्या लिहून मार्क मिळवले होते, ती गोष्ट वेगळी.

इंडक्टर म्हणजे तारेचं वेटोळं. खरंच, त्यापलीकडे त्यात काही नाही. इनॅमलचा लेप असलेली तांब्याची तार कशावर तरी गुंडाळली की झाला इंडक्टर. अर्धा मिलिमीटर जाडीची तार घ्या, पेन्सिलीवर एकाला एक चिकटून १०० वेढे द्या आणि पेन्सिल काढून घ्या. तार लागेल जेमतेम अडीच मीटर. मल्टिमीटरने तिचा रोध मोजला तर पाव ओहमसुद्धा भरणार नाही. मीटरच्या लेखी ही नुसती तार, सरळ असली काय नि गुंडाळलेली असली काय. पण सर्किटमध्ये ही गुंडाळी सरळ तारेसारखी मुळीच वागत नाही. कोणी तिला कॉइल म्हणतं, कोणी चोक, कोणी वाइंडिंग. रिले, मोटर, सोलेनॉइड, ट्रान्सफॉर्मर यांच्या पोटातही हीच बसलेली असते. नावं वेगळी, स्वभाव एकच.

हा स्वभाव येतो चुंबकत्वातून. तारेतून करंट गेला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी १८२० साली होकायंत्राची सुई हलताना पाहिली तेव्हापासून माहीत आहे. सरळ तारेभोवतीचं क्षेत्र दुबळं आणि विखुरलेलं असतं. तीच तार गुंडाळली की प्रत्येक वेढ्याचं क्षेत्र शेजारच्या वेढ्याच्या क्षेत्रात मिसळतं आणि गुंडाळीच्या पोकळीत ते एकवटतं.

पुढचा धागा मायकेल फॅरडे यांना १८३१ साली सापडला. त्यांनी एका लोखंडी कड्यावर दोन वेगळ्या गुंडाळ्या केल्या. एकीला बॅटरी जोडली, दुसरीला करंट दाखवणारी सुई. बॅटरी जोडली त्या क्षणी सुई उडाली आणि परत शून्यावर आली. बॅटरी काढली, सुई पुन्हा उडाली, या वेळी उलट्या बाजूला. मधल्या काळात पहिल्या गुंडाळीतून करंट धो धो वाहत असूनही सुई ढिम्म! म्हणजे दुसऱ्या तारेत व्होल्टेज निर्माण होतं ते चुंबकीय क्षेत्र असण्याने नव्हे, ते बदलण्याने. शाळेत आपण ज्याला विद्युत चुंबकीय प्रवर्तन म्हणतो ते हेच.

आता जरा विचार करा. क्षेत्र बदललं की शेजारच्या गुंडाळीत व्होल्टेज येतं. मग ज्या गुंडाळीने ते क्षेत्र निर्माण केलं, तिचे स्वतःचे वेढेही त्याच क्षेत्रात आहेत की! त्यांच्यातही व्होल्टेज यायलाच हवं. येतंच. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांच्या लक्षात आलं होतं की लांब तारेचं सर्किट तोडताना ठिणगी मोठी पडते आणि तार गुंडाळलेली असेल तर आणखी मोठी. हे निरीक्षण त्यांनी १८३२ साली प्रसिद्ध केलं. गुंडाळीच्या या गुणाला इंडक्टन्स म्हणतात आणि तो मोजायच्या एककाला आज त्यांचंच नाव आहे: हेन्री.

हे व्होल्टेज कुठल्या दिशेने येतं? लेन्झ यांनी १८३४ साली त्याचा नियम मांडला: ज्या बदलामुळे ते निर्माण झालं, त्या बदलालाच विरोध करेल अशा दिशेने. करंट वाढू लागला की गुंडाळी त्याला मागे रेटते आणि कमी होऊ लागला की पुढे ढकलते. ‘इंडक्टर करंटला विरोध करतो’ असं सरसकट लिहिलेलं दिसतं आणि माझ्या मते निम्मा गोंधळ त्या एका वाक्याने केला आहे. करंटशी त्याचं काही वैर नाही. एकदा स्थिर झालेला करंट त्यातून वर्षानुवर्षं जाऊ द्या, तारेच्या रोधापलीकडे तो कसलीही आडकाठी करणार नाही. त्याला खपत नाही तो बदल.

पायाने चालवायच्या शिलाई मशीनचं ते जड चाक आठवा. सुरुवातीला ते हलता हलत नाही, पायडलवर जोर द्यावा लागतो. एकदा फिरायला लागलं की पाय काढून घेतला तरी फिरत राहतं. आणि फिरतं चाक एकदम हाताने अडवायला गेलात तर हाताला हिसका बसतो. चाकाचा वेग म्हणजे करंट, पायाचा जोर म्हणजे व्होल्टेज आणि चाकाचं जडपण म्हणजे इंडक्टन्स. चाकाला गती देताना घातलेले कष्ट वाया जात नाहीत, ते चाकात साठतात. इंडक्टरमध्ये तशीच ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात साठते. तिचा हिशेब असा: इंडक्टन्स गुणिले करंटचा वर्ग, त्याच्या निम्मी.

व्होल्टेजचं गणितही अवघड नाही. करंटमध्ये किती फरक पडला त्याला तो पडायला लागलेल्या वेळाने भागायचं आणि इंडक्टन्सने गुणायचं. एक हेन्रीच्या इंडक्टरमधला करंट एका सेकंदात एक अँपिअरने बदलला तर त्याच्या टोकांवर एक व्होल्ट येतो. हेन्री हे तसं मोठं एकक आहे. आपली पेन्सिलीवरची गुंडाळी साधारण १२ मायक्रोहेन्री भरेल, म्हणजे हेन्रीचा लाखावा भाग आणि वर थोडं. तेवढ्याच लांबीत वेढे दुप्पट बसवले तर मात्र इंडक्टन्स दुप्पट होत नाही, चौपट होतो. क्षेत्र दुप्पट होतं आणि ते झेलणारे वेढेही दुप्पट होतात.

आता माझ्या मेलेल्या ट्रान्झिस्टरांकडे येऊ. रिलेच्या कॉइलचा इंडक्टन्स ०.३ हेन्री धरू. तिच्यातून ४० मिलिअँपिअर वाहतोय. ट्रान्झिस्टर बंद झाला, तोही सेकंदाच्या एक लाखाव्या भागात, म्हणजे १० मायक्रोसेकंदांत. ०.३ गुणिले ०.०४ भागिले ०.००००१. उत्तर येतं १२०० व्होल्ट! बारा व्होल्टच्या सर्किटमध्ये. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ती म्हण या गुंडाळीला अगदी शब्दशः लागू पडते. वाट तोडली तरी करंट चालूच ठेवायचा तिचा हट्ट जात नाही. आणि तो चालू ठेवण्यासाठी लागेल तेवढं व्होल्टेज ती उभं करते. प्रत्यक्षात आकडा १२०० पर्यंत पोचतही नाही, कारण त्याआधीच कोणीतरी हार मानतं. माझ्या बोर्डावर सगळ्यात नाजूक होता तो ट्रान्झिस्टर. साठलेली ऊर्जा त्याच्यातून वाट फोडून गेली. एका झटक्यात तो मरेलच असं नाही, म्हणून तर पहिल्या पाच-सहा टकटकी निभावल्या होत्या.

डायोडचं काम एवढंच की करंटला फिरायला एक आडवाट द्यायची. तो कॉइलच्या दोन टोकांवर आडवा, पट्ट्याची बाजू प्लसकडे करून लावायचा. एरवी तो उलटा असल्यामुळे गप्प बसतो. ट्रान्झिस्टर बंद झाला की कॉइलचं व्होल्टेज उलटतं, डायोड वाहू लागतो आणि कॉइलचा करंट कॉइलमध्येच गोल गोल फिरून काही मिलिसेकंदांत विरून जातो. ट्रान्झिस्टरवर बाराच्या वर जेमतेम एक व्होल्ट येतो. (पट्टा चुकून मायनसकडे केलात तर तो थेट सप्लायच शॉर्ट करतो. विचारू नका मला कसं माहीत.) एक बारीक खोट मात्र आहे: करंट सावकाश विरतो म्हणून रिलेही जरा उशिरा सुटतो. जिथे तो चटकन सुटायला हवा तिथे डायोडबरोबर एक झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलटाही वाहणारा डायोड) जोडतात. व्होल्टेज थोडं चढू दिलं की ऊर्जा लवकर संपते.

जो हिसका माझ्या ट्रान्झिस्टरांच्या मुळावर आला, तोच हिसका मुद्दाम कामाला लावणारी यंत्रंही आहेत. पेट्रोल इंजिनाला स्पार्क प्लगच्या फटीत ठिणगी पाडायला हजारो व्होल्ट लागतात आणि गाडीत असते बारा व्होल्टची बॅटरी. इग्निशन कॉइलमध्ये आधी करंट भरून घेतात आणि नेमक्या क्षणी तो तोडतात. पहिल्या गुंडाळीवर काही शे व्होल्टचा झटका येतो. तिच्याच गाभ्यावर साधारण शंभरपट वेढ्यांची दुसरी गुंडाळी असते, तिच्यावर तो झटका २०-३० हजार व्होल्टपर्यंत चढतो.

जुन्या ट्यूबलाइटचा वजनदार चोक तर एकटा दोन कामं करायचा. स्टार्टरची पट्टी उघडली की त्याचा झटका ट्यूबमधल्या वायूला पेटवायचा. एकदा पेटलेली ट्यूब मग हावरटासारखी जास्त जास्त करंट ओढू पाहते, तिला आवरण्याचं कामही त्याचंच. इथे एक गंमत आहे. २३० व्होल्टच्या लाइनवर ट्यूबवर साधारण १०० व्होल्ट मोजले जातात आणि चोकवर साधारण २००. बेरीज ३०० होते, मग वरचे ७० आले कुठून? कुठूनच नाही. दोघांची शिखरं एका वेळी येतच नाहीत. करंट सगळ्यात वेगाने बदलत असतो तेव्हा चोकवरचं व्होल्टेज शिखरावर असतं, आणि त्या घडीला करंट स्वतः शून्यातून जात असतो. अशा वेळी साधी बेरीज चालत नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावं लागतं: १०० आणि २०० चं ते २२४ च्या आसपास येतं. याच कारणाने चोक रोधासारखा तापत नाही. पाव आवर्तनात घेतलेली ऊर्जा तो पुढच्या पावात परत करतो. थोडाफार गरम होतो तो तारेच्या रोधामुळे आणि लोखंडातल्या नुकसानीमुळे.

पण आजच्या घडीला इंडक्टर सगळ्यात जास्त कुठे राबतो, तर चार्जर, लॅपटॉप, फोन, कॉम्प्युटरच्या मदरबोर्डावर. ते काळे-करडे चौकोनी ठोकळे, ज्यांच्यावर ‘४ आर ७’ किंवा ‘१००’ असलं काहीतरी छापलेलं असतं, ते इंडक्टर. ‘४ आर ७’ म्हणजे ४.७ मायक्रोहेन्री. आणि ‘१००’ म्हणजे शंभर नव्हे बरं का, दहाच्या पुढे शून्य शून्यं, म्हणजे दहा मायक्रोहेन्री.

हे ठोकळे काय करतात? समजा १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करायचेत आणि लोड, म्हणजे पुढे जोडलेलं उपकरण, घेतोय २ अँपिअर. जुनी पद्धत म्हणजे मधले ७ व्होल्ट उष्णतेत जाळायचे. १० वॉट कामाला, १४ वॉट हीटसिंक तापवायला. नव्या पद्धतीत एक ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतो. मधल्या अर्धवट अवस्थेत तो रेंगाळत नाही, म्हणून तापतही नाही. पण लोडला असे तुटक धक्के कसे द्यायचे? इथे आपलं शिलाई मशीनचं चाक येतं. पाय थांबून थांबून दाबतो, चाक एकसारखं फिरतं.

जवळून बघू. ट्रान्झिस्टर चालू असताना कॉइलच्या एका टोकाला १२ व्होल्ट आणि दुसऱ्याला ५, म्हणजे तिच्यावर ७ व्होल्ट. करंट चढू लागतो. ट्रान्झिस्टर बंद झाला. आता कॉइल हट्ट धरते, तिला करंट तसाच हवा. तो तिला मिळतो एका डायोडमधून. हो, तोच रिलेवाला डायोड. तिथे तो नुसता राखणदार होता, इथे तोच गडी कामाला लागलाय. या काळात कॉइलवर उलटे ५ व्होल्ट असतात आणि करंट उतरू लागतो. जितका चढला तितकाच उतरला तरच गाडी स्थिर चालेल. म्हणजे ७ गुणिले चालू वेळ आणि ५ गुणिले बंद वेळ सारखे हवेत. गणित मांडलं की दिसतं, दर १२ भागांपैकी ५ भाग चालू, ७ भाग बंद. पाचाला बारा! व्होल्टेजचं गुणोत्तर नुसत्या वेळेच्या वाटणीतून निघालं. सेकंदाला तीन लाख वेळा हे चाललं आणि कॉइल १० मायक्रोहेन्रीची असली, तर करंट दर फेरीला साधारण एक अँपिअरने वरखाली होतो, दीड ते अडीचच्या मध्ये. उरलेली थरथर कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, शोषून घेतो. चांगल्या बोर्डांवर डायोडच्या जागी दुसरा ट्रान्झिस्टर असतो, त्यात नुकसान आणखी कमी.

हेच तीन भाग जरा वेगळे जोडले की व्होल्टेज वाढवताही येतं. दीड व्होल्टच्या एका सेलवर पांढरा एलईडी लागतो ना, ज्याला तीन व्होल्टच्या आसपास लागतात, तो असाच.

अशा सर्किटचा इंडक्टर बदलायची वेळ आली तर एक चूक सगळेच करतात, मीही केली आहे: नुसते मायक्रोहेन्री जुळवून छोटा ठोकळा लावायचा. गुंडाळीच्या आत फेराइटचा (लोहाच्या ऑक्साइडपासून केलेल्या चुंबकीय सिरॅमिकचा) किंवा लोखंडाचा गाभा घातला की तेवढ्याच वेढ्यांत इंडक्टन्स कैक पटींनी वाढतो, पण गाभ्याचं पोट लहान असतं. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक; फेराइट साधारण ०.३ ते ०.४ टेस्लाला भरतं. ट्रान्सफॉर्मरचा सिलिकॉन पोलादी पत्रा दीड टेस्लाच्या पुढे जातो, पण लाखो आवर्तनांना तो स्वतःच तापायला लागतो. गाभा भरला की त्याच्या असण्याचा फायदा संपला. इंडक्टन्स कोसळतो, करंट भाल्यासारखा वर जातो आणि ट्रान्झिस्टर जीव सोडतो. म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकातला सॅच्युरेशन करंटचा (ज्या करंटला गाभा भरतो त्याचा) आकडा मायक्रोहेन्रींइतकाच मोलाचा. मोठ्या इंडक्टरच्या गाभ्यात मुद्दाम एक बारीक फट ठेवलेली असते, तीही याचसाठी. अशा गाभ्यातली बहुतेक ऊर्जा त्या फटीतल्या हवेतच साठते, लोखंडात नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पटायला वेळ लागला होता.

एसीच्या, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या करंटच्या, बाजूने पाहिलं तर या स्वभावाचा अर्थ सरळ आहे: बदल जितका वेगवान, तितका अडथळा मोठा. वारंवारिता गुणिले इंडक्टन्स गुणिले साधारण ६.२८, एवढे ओहम. अर्ध्या मिलिहेन्रीची कॉइल १०० हर्ट्झला ०.३ ओहम इतकी किरकोळ असते आणि १० हजार हर्ट्झला ३१ ओहम होते. आठ ओहमच्या वूफरच्या (जाड आवाजाच्या स्पीकरच्या) वाटेत ती ठेवली की ढोलाचा आवाज सरळ आत जातो आणि झांजेचा दारातच अडतो. कॉम्प्युटरच्या केबलला जे गाठीसारखं गोल फेराइट असतं तेही त्याच जातीचं. मेगाहर्ट्झमधला गोंगाट ते अडवतं आणि बराचसा उष्णतेत जिरवून टाकतं.

इंडक्टर आणि कपॅसिटर जोडीने लावले तर ऊर्जा दोघांत झोके घेते, आणि त्या झोक्याची स्वतःची एक लय असते. २५० मायक्रोहेन्रीच्या कॉइलला ३६५ पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला तर ती ५२७ किलोहर्ट्झ येते. कपॅसिटर ४० वर आणला तर १५९२. मीडियम वेव्हचा जवळजवळ आख्खा पट्टा! जुन्या रेडिओचं बटण फिरवताना आपण नेमकं हेच करत होतो.

आता रोध शून्यच केला तर? कॉइलमधला करंट विरायला लागणारा वेळ म्हणजे इंडक्टन्स भागिले रोध. माझ्या रिलेला तो मिलिसेकंदांत होता. एमआरआय यंत्राच्या मोठ्या चुंबकात नायोबियम-टायटॅनियमची तार असते, द्रव हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड केलेली. तिथे तारेला रोधच उरत नाही. एकदा शेकडो अँपिअर करंट भरायचा, गुंडाळीची दोन टोकं तशाच रोध नसलेल्या (अतिवाहक) स्विचने एकमेकांना जोडायची आणि सप्लाय काढून घ्यायचा. करंट वर्षानुवर्षं फिरत राहतो. म्हणूनच यंत्र वापरात नसतानाही त्या खोलीत लोखंडी वस्तू नेऊ देत नाहीत: चुंबक बंद झालेलाच नसतो. अगदीच जिवावरचा प्रसंग आला तर तो बंद पाडण्यासाठी एक बटण असतं. ते दाबलं की तारेचा एखादा तुकडा गरम होतो, त्याला रोध येतो, आणि इतकी वर्षं साठून राहिलेली सगळी ऊर्जा काही सेकंदांत उष्णता होऊन हेलियम उकळवते. इमारतीबाहेर काढलेल्या जाड नळीतून मग पांढऱ्या वाफेचे लोट बाहेर पडतात.